पाणी वरून आले की खालून?

आमच्या थोरल्या लेकीला डोंगरांचे वेड आहे. शाळेच्या सहलीबरोबर ती सिंहगड चढून आली आणि तेव्हापासून तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर गडांचीच नावे दिसू लागली. नववीत गेल्यावर तिने जाहीर केले, "मला एकदा तरी डोंगरात रात्र काढायची आहे. आपले घर आपल्या पाठीवर घेऊन." नात्यात कुजबुज झाली. एका खालाने तर तोंडावरच विचारले, "मुलीच्या जातीला डोंगरात कशाला? उद्या काही झाले म्हणजे?" आम्ही दोघांनी विचार केला आणि लेकीला शब्द दिला : एकटीने नाही, पण आपण चौघे जाऊ.

शब्द देणे सोपे होते. पाठीवरचे घर कुठून आणायचे, हा प्रश्न नंतर पडला. आमच्या घरात दोघांचे पगार येतात, पण घराचा हप्ता, मुलांच्या फिया आणि अब्बांची औषधे वजा जाता हाती फारसे उरत नाही. चौघांना पुरेल असा हलका, पाऊस अडवणारा चांगला तंबू पाहिला, तर त्याची किंमत आमच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त निघाली. शेवटी २,२०० रुपयांचा एक तंबू घेतला. खोक्यावर बर्फाच्या डोंगरांचे चित्र होते आणि 'वॉटर रेझिस्टंट' असे लिहिले होते. आम्ही त्याचा अर्थ 'पाणी आत येणार नाही' असा घेतला. वजन तीन किलो होते. उचलून पाहिला, जमेल असे वाटले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात राजमाचीला काजवे पाहायला जायचे ठरले. पुण्याहून लोकलने लोणावळा आणि तिथून तुंगार्लीच्या बाजूने सुमारे १५ किलोमीटर चालत उधेवाडी. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या पायथ्याशी वसलेले हे छोटेसे गाव. दहा वर्षांचा धाकटा अर्ध्या वाटेत कुरकुरला, पण पोहोचला. गावातल्या एका मावशींच्या शेतात, पैसे ठरवून, आम्ही तंबू उभा केला. जमीन मऊ लागावी म्हणून जरा खोलगट जागा निवडली. खाली अंथरायला जुन्या फ्लेक्सचा मोठा तुकडा नेला होता. तो तंबूच्या चारही बाजूंनी हातभर बाहेर येत होता आणि त्यामुळे चपला ठेवायला छान सोय झाली, असे आम्हाला वाटले. पाऊस पश्चिमेकडून येतो म्हणून दार पूर्वेला ठेवले.

अंधार पडला आणि झाडे उजळली. एका झाडावरचे हजारो काजवे एकदम पेटत आणि एकदम विझत. धाकटा आमचा हात घट्ट धरून उभा होता. लेक काहीच बोलत नव्हती. अल्लाहच्या कुदरतीपुढे माणसाची वाचा बंद होते, ती अशी.

रात्री साडेअकराच्या सुमारास वीज कडाडली. वळीव आला आणि नेमका उगवतीकडून, दाराच्या बाजूने आला. पहिल्या दहा मिनिटांत शिवणींतून थेंब झिरपू लागले. मग छताचे कापडच ओले झाले आणि जिथे डोके किंवा हात लागेल तिथून पाणी पाझरू लागले. वाऱ्याने एक फायबरची काठी चिरली, छत आमच्यावर झुकले. तरीही आम्ही वरच्या पाण्याशी झगडत होतो. तेवढ्यात धाकटा म्हणाला, "अम्मी, खालून ओले लागतेय." टॉर्च लावून पाहिले तर अंथरुणे पाण्यात होती. मागे जे झाले ते लिहितानाही आवंढा येतो. धाकट्याला लहानपणापासून दमा आहे. तो थंडीने कुडकुडू लागला आणि त्याची छाती वाजू लागली. पंप दिला, तरी श्वास लवकर सुटेना.

मावशींच्या घराचे दार आम्हाला वाजवावे लागले नाही. त्याच हातात बॅटरी घेऊन, डोक्यावर पोते घालून शेतात आल्या. "आरं, लेकरं भिजली की! काय बघतायसा, आत चला आधी," म्हणत त्यांनी धाकट्याला पदराखाली घेतले. चुलीच्या उबेला, कोरड्या गोधडीत तासाभराने त्याचा श्वास ठिकाणावर आला. अलहमदुलिल्लाह! पहाटे त्यांनी चहा दिला आणि पैसे देऊ केले तर हात मागे घेतला. आम्ही त्यांचे ऋणी झालो, पण आपल्याच मुलाला आपण कशात घातले, या विचाराने खजीलही झालो.

घरी आल्यावर लेकीने सॅक कपाटावर टाकली. खालाचा फोन आला. "सांगितले होते ना," एवढेच त्या म्हणाल्या. आठवडाभर लेकीने डोंगराचे नाव काढले नाही. भावाचा श्वास आपल्या हट्टामुळे अडकला, हे तिच्या मनाने घेतले होते. आम्ही समजावले, पण ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची.

तेव्हा अब्बा बोलले. घरात आम्ही दखनी बोलतो. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी विचारले, "पानी उप्पर से आया क्या नीचे से?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. इतक्या दिवसांत हा प्रश्न आम्हाला कुणी विचारला नव्हता आणि आम्हीही स्वतःला विचारला नव्हता.

अब्बांचे वय आता ७४. त्यांनी मिरजेत तीस वर्षांहून अधिक काळ ट्रकांच्या ताडपत्र्या शिवल्या. साखर, हळद, बेदाणे, सिमेंट असा कुणाकुणाचा माल त्यांच्या शिवणीखाली भर पावसात कोरडा गेला. पण पुण्याला आल्यावर त्या कामाचा विषय घरात निघत नसे. मुलांच्या शाळेच्या अर्जावर आजोबांचा व्यवसाय लिहायची वेळ आली, तेव्हा आम्ही 'निवृत्त' असे लिहिले होते. पाण्यापासून आडोसा कसा करायचा, हे जन्मभर केलेला माणूस घरात होता आणि आम्ही खोक्यावरचे चित्र पाहून तंबू आणला होता.

त्यांनी तो तंबू गच्चीवर उलगडायला लावला. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, म्हणून डोळ्यांपेक्षा अंगठ्याने तपासत शिवणीवरून हात फिरवला. मग लेकीला जवळ बसवून सांगितले की पाणी तीन वाटांनी येते. एक वरून, कापडातून आणि टाक्यांतून. एक खालून, जमिनीवरून वाहत. आणि तिसरे आपले स्वतःचे, म्हणजे रात्रभराच्या श्वासाची वाफ बंद छताला लागून तिचेच थेंब होतात. "तुमचा तंबू तिन्ही वाटांनी हरला," ते म्हणाले.

खालचे पाणी ही सरळ आमची चूक होती. खोलगट जागेत शेताचे पाणी जमणारच. त्यात फ्लेक्स बाहेर आलेला. छतावरून ओघळलेले सगळे पाणी त्याने परातीसारखे झेलले आणि आमच्या पाठीखाली आणून सोडले. अंथरायचा कागद छताच्या आत चार बोटे असला पाहिजे, कडा वर दुमडलेल्या पाहिजेत. एवढे साधे, फुकटचे शहाणपण आमच्याकडे असते, तर अर्धे पाणी वाचले असते.

मग कापडाचा विचार सुरू झाला. 'वॉटर रेझिस्टंट' म्हणजे पाण्याला थोडा वेळ थोपवणारे. 'वॉटरप्रूफ' वेगळे. चांगल्या तंबूवर त्याचा आकडा मिलिमीटरमध्ये लिहिलेला असतो. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ धरला, तर किती उंचीपर्यंत ते पाणी पलीकडे जाऊ देत नाही, त्याचा तो आकडा. छताला १,५०० ते २,००० असला तर आपल्या पावसाला तोंड देता येते. तळाला अधिक लागतो, कारण आपले गुडघे आणि कोपर ओल्या जमिनीवर दाब देतात. आमच्या खोक्यावर आकडाच नव्हता. जिथे आकडा नसेल तिथे अब्बांची परीक्षा अशी : कापड तोंडाला लावून जोराने फुंका. फुंकर पलीकडे गेली तर पाणीही जाईल. मग कापडाची झोळी करून तिच्यात तांब्याभर पाणी रात्रभर ठेवा आणि सकाळी खालून अंगठा घासा. अंगठा कोरडा राहिला तर कापड घ्या.

लेकीने वही काढली आणि वजनाचा हिशोब मांडला. चौघांना झाकायला ४ मीटर लांब आणि ३ मीटर रुंद, म्हणजे १२ चौरस मीटर छत हवे. बाजारात प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या जीएसएमवर मिळतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. २०० जीएसएमची घेतली तर २ किलो ४०० ग्रॅम. ९० जीएसएमची घेतली तर १ किलो ८० ग्रॅम. ही स्वस्त आणि पाण्याला पक्की, पण घडी मोठी होते, वाऱ्यात फडफडते आणि कोपऱ्याच्या रिंगा ताणाला निसटतात. अब्बांची जुनी सुती ताडपत्री मजबूत. तिचे धागे भिजले की फुगतात आणि छिद्रे बुजतात. पण ४०० ग्रॅमचे कापड धरले तरी ती ४ किलो ८०० ग्रॅमला जाते, त्यावर मेणाचे वजन वेगळे. "ही ट्रकच्या पाठीसाठी. लेकराच्या पाठीसाठी नाही," ते हसून म्हणाले. सर्वांत हलके ते सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन, पण ते आमच्या खिशाबाहेर होते.

मधला मार्ग कापडबाजारात सापडला. रेनकोट शिवणारे वापरतात ते एका बाजूने लेप दिलेले पॉलिस्टर. दीड मीटर पन्हा, वजन चौरस मीटरला सुमारे ७५ ग्रॅम, म्हणजे अख्ख्या छताचे ९०० ग्रॅम. शिवाय नायलॉन भिजल्यावर सैल पडते, पॉलिस्टर तितके पडत नाही. आठ मीटर कापड १७० रुपयांनी १,३६० रुपयांना पडले. दोरी, रिंगा, शिवणीवर लावायचा लेप मिळून आणखी ५८० रुपये. एकूण १,९४०. पहिल्या तंबूहून २६० रुपये कमी.

शिवण अब्बांच्या देखरेखीखाली लेकीने मारली. टाचणी लावायची नाही, कारण टाचणीचे छिद्र म्हणजे पाण्याला दार. त्याऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे. सुई बारीक, धागा पॉलिस्टरचा. दोन पट्ट्यांच्या कडा एकमेकींत अडकवून, दुमडून, त्यावरून दोन वेळा टीप. ही शिवण मधोमध कण्यावर येईल अशीच पट्ट्यांची मांडणी, म्हणजे पाणी तिथे थांबत नाही, दोन्हीकडे ओघळून जाते. लेपाची चकचकीत बाजू आत. कोपऱ्यांना आणि दोरी बांधायच्या प्रत्येक जागी आणखी दोन थर. मग सगळ्या टाक्यांवर ब्रशने लेप. तो घेताना एक गोष्ट कळली. न्हाणीघरात भेगा बुजवायला वापरतात ते सिलिकॉन या कापडाला नीट धरत नाही, निघून येते. कापडाचा लेप ज्या जातीचा, शिवणीचा लेपही त्याच जातीचा घ्यावा लागतो.

चार दिवस मशीन चालले. अब्बा शेजारी बसून टिपेच्या आवाजावरून ओळखायचे. "ताण सैल झाला बघ." लेक टीप उसवून पुन्हा मारायची. एका संध्याकाळी तिने सहज विचारले, "दादाजी, तुम्ही दिवसाला किती शिवायचे?" मग अब्बा बोलत राहिले. मिरजेचे दुकान, मेण तापवायची कढई, बोटांत घुसलेला दाभण, पहाटे दुकानाबाहेर थांबलेले ट्रकवाले. आम्ही दोघे स्वयंपाकघरात उभे राहून ऐकत होतो. यातले बरेचसे आम्हीही पहिल्यांदाच ऐकत होतो. सूरह नह्लच्या ८०व्या आयतीत जनावरांच्या कातड्यांच्या त्या घरांचा उल्लेख आहे, जी प्रवासाच्या दिवशी आणि मुक्कामाच्या दिवशी माणसाला हलकी वाटतात. अब्बा म्हणाले, "मुक्कामाचे छत हलके असावे ही मेहरबानी अल्लाहने मोजून दाखवली आहे. आणि मी हे काम करतो हे सांगायला लाजत होतो." आम्हाला तो 'निवृत्त' शब्द आठवला.

जुलैच्या पावसात गच्चीवर परीक्षा झाली. दोन काठ्या, मध्ये ताणलेली दोरी, तिच्यावर छत. पहिल्याच रात्री दोष दिसला. दोरीवरून पाणी धावत येऊन आत टपकत होते. अब्बांनी खिडकीतूनच सांगितले, छताच्या अलीकडे दोरीला एक सुताचा तुकडा बांधून लोंबता सोडा. बांधला. पाणी त्या सुतावरून बाहेरच गळू लागले. धाकटा टाळ्या वाजवत सुटला.

सप्टेंबरमध्ये आम्ही पुन्हा राजमाचीला गेलो. धाकट्याच्या डॉक्टरांना आधी विचारले, दोन पंप बरोबर घेतले, मावशींना फोन करून ओढ्यांचे पाणी विचारले आणि गरज पडली तर घरात येऊ, हेही सांगून ठेवले. या वेळी जागा जराशी उंच, उताराची. मोठे जुने झाड डोक्यावर नाही, ओढ्याचे पात्र जवळ नाही, उघडा माथाही नाही. मोसमी वारा मावळतीकडून येतो, म्हणून ती बाजू जमिनीला टेकवली. मुलांना ते लक्षात ठेवायला सोपे गेले : किबल्याची बाजू बंद, पाठीमागची उघडी. बाजू उघड्या राहतात म्हणून आत घरचीच मच्छरदाणी टांगली, तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या. जळवा, विंचू यांचा विचार करायलाच हवा. आडोशासाठी एका टोकाला जुनी चादर लावली. सगळे मिळून पावणेदोन किलो, तेही चौघांच्या पाठींवर वाटलेले.

इशाच्या नमाजनंतर पाऊस आला तो रात्रभर थांबला नाही. आम्ही दोघे जागेच होतो, हात अंथरुणाखाली फिरवत. कोरडे. पुन्हा फिरवला, कोरडे. दोनच्या सुमारास एका कोपऱ्याची मेख मातीतून उपटली आणि कापड फटफटू लागले. आमच्यापैकी कुणी उठायच्या आत लेक टॉर्च घेऊन बाहेर होती. तिने दोरी एका मोठ्या दगडाला गुंडाळली, ताण दिला आणि भिजून आत आली. धाकट्याचे पाय तेवढे ओले झाले. तो जागा झाला नाही. त्याचा श्वास आम्ही ऐकत राहिलो. संथ, साफ.

सकाळी मावशी पाहायला आल्या. कापड चिमटीत धरून म्हणाल्या, "किती कोरडं ठेवलं गं हे! कोणी शिवलं?" लेक म्हणाली, "मी. आणि माझ्या दादाजींनी. ते ताडपत्र्या शिवायचे." अब्बांनी उरलेल्या कापडातून मावशींच्या ओट्यावरच्या सरपणासाठी एक झाकण शिवून दिले होते. ते त्यांनी दोन्ही हातांनी घेतले.

ज्या घरांत अशी मुले असतील त्यांना थोडे सांगावेसे वाटते. शिवणे जमणार नसेल तर तयार तंबू जरूर घ्या, पण आकडा पाहा, शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेली आहे का पाहा आणि वरचे छत आतल्या जाळीपासून वेगळे आहे का पाहा, म्हणजे वाफेचे पाणी अंगावर पडत नाही. नेण्याआधी एक पावसाळी रात्र गच्चीवर किंवा अंगणात काढा. घरी आल्यावर पूर्ण वाळवूनच घडी घाला. दमट घडीत लेप चिकट होऊन सुटू लागतो. आणि कितीही पाऊस असला तरी आत स्टोव्ह पेटवू नका. कोंडलेला धूर घातक असतो आणि आग लागायला क्षण पुरतो. १९९७ मध्ये हजच्या दिवसांत मिनाच्या तंबूंना लागलेली आग आपल्या समाजाला ठाऊक आहे. त्यानंतर तिथे आग न पकडणारे तंबू उभे राहिले. आपल्या हातातले स्वस्त कापड तसे नसते.

घरी पोहोचलो तेव्हा अब्बा खुर्चीतच होते. कसे झाले, मजा आली का, असे काही त्यांनी विचारले नाही. सॅक खाली ठेवायच्या आत म्हणाले, "कौनसा कोना भीगा?"

लेकीने तो कोपरा शोधून त्यांच्या मांडीवर पसरला. त्यांनी अंगठा फिरवला, रिंगेपाशी थांबले आणि मान हलवली. टाका रिंगेच्या फार जवळ पडला होता. "उद्या बघू," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी फजरनंतर आम्हाला जाग आली ती मशीनच्या आवाजाने.